हनुवटी टेकली का?

वेलिका आजीची आणि माझी पहिली खरी भेट झाली तेव्हा तिने मला माझ्याच घरातून बाहेर काढलं. नुसत्या मोज्यांवर. बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि माझ्या हातात साखरेच्या चहाने भरलेली बाळाची बाटली होती.

दोष माझा नव्हता, माझ्या मुलाचा होता. तो जेमतेम चार दिवसांचा होता आणि तेवढ्यात त्याने जितकं रडून दाखवलं तितकं आमच्या गोर्नो ब्रेस्तोवोत दोन्ही महायुद्धांत मिळून कुणी रडलं नसेल. कुत्री गाव सोडून गेली. चर्चच्या घंटेला तडा गेला तोही त्याच आठवड्यात. नदीपलीकडच्या गावातून एकाने निरोप धाडला की, डुक्कर मारताय तर एका घावात मारा, बिचाऱ्याचे हाल करू नका.

घरात माझी बायको देतेलिना मुलाहून मोठ्याने रडत होती. तिची छाती दगडासारखी टणक झाली होती आणि बोंडांना चिरा पडल्या होत्या. तिच्या एका कानाशी माझी आई सांगत होती, "दूध पातळ आहे." दुसऱ्या कानाशी तिची आई सांगत होती, "दूध नाहीच." एवढ्या एका मुद्द्यावरही त्या दोघींचं जमत नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. खरं म्हणजे दार बाजूला सरलं आणि त्याने वाट दिली. आत एक डोक्याचा रुमाल आला. रुमालाखाली बाई होती, पण रुमाल भुवयांच्याही खाली ओढलेला, त्यामुळे आधी दिसली ती नुसती हनुवटी. त्या हनुवटीने माझ्या मुलाच्या दिशेने तीनदा थुंकल्यासारखं केलं.

"थू, थू, थू! शी, काय हे कार्टं! याच्यापेक्षा उंदीर बरा! उकडलेला सलगम! पाद्र्याचा जुना बूट!"

आमच्याकडे ही रीतच आहे. बाळाचं कौतुक केलं तर त्याला दृष्ट लागते, म्हणून येणारा प्रत्येकजण बाळाला नावं ठेवतो. पण लोक एखादं नाव ठेवून थांबतात. वेलिका आजी पाद्र्याच्या बुटापर्यंत जायची.

मग ती माझ्याकडे वळली. "हे कोण?"

"मी बाप आहे."

"तुला दूध येतं?"

"न... नाही."

"मग इथे काय करतोस? कोबी आण!"

मी मोज्यांवर धावलो. पाठीमागून बाटली हिसकून घेतली गेली. गोठलेल्या पायांनी कोबीचा गड्डा घेऊन परत आलो, तोवर दोन्ही आज्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसवल्या होत्या. देतेलिना उशांवर मागे रेलली होती. मुलगा फक्त लंगोटावर तिच्या उघड्या छातीवर पालथा पडला होता आणि दोघांवर मिळून एकच घोंगडी होती. तो रडत नव्हता. त्या शांततेला आम्ही सगळेच जरा घाबरलो.

"असाच पडू दे त्याला. वास घेऊ दे. चार दिवस तुम्ही त्याला गाठोड्यात बांधून ठेवलंत, त्याला कळणार कसं आई कुठली आणि उशी कुठली?" कोबीची गार पानं तिने देतेलिनाच्या सुजलेल्या छातीवर ठेवली, जराशाने काढली, मग हलक्या हाताने थोडं दूध पिळून बोंडाभोवतीचा भाग मऊ केला. "आता पोटाला पोट लाव. मान वळवून नाही प्यायचं त्याने. तू मान वळवून सूप पिऊन बघ एकदा. आणि छाती त्याच्याकडे नेऊ नकोस, त्याला छातीकडे आण. ओठाला गुदगुली कर. थांब. थांब गं, घाई काय! जांभई देतो तेवढं तोंड उघडू दे. आता!"

मुलगा लागला. देतेलिनाने डोळे मिटून घेतले.

"दुखतंय?"

"थोडं... सहन होईल."

"सहन कशाला करायचं? संत व्हायचंय? करंगळी घाल त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात, पकड सोडव आणि परत लाव. सतरा वेळा लावायला लागलं तरी लाव. हं. हनुवटी टेकली का? नाक मोकळं आहे? मग आता गप्प बस आणि ऐक."

आम्ही ऐकलं. चार-दोन वेळा ओढल्यावर एक छोटासा आवाज यायचा, 'क्हं'. मग परत 'क्हं'. तो माझा मुलगा गिळत होता.

स्वयंपाकघरातून माझी आई म्हणाली, "पातळ आहे पण."

"दूध म्हणजे काय मिरच्यांची चटणी आहे, चमच्यावर उभी राहायला?" वेलिका आजी ओरडली. "आणि पोट केवढं त्याचं? चेरीएवढं! चेरीत कितीसं मावणार? म्हणून सारखं मागतो. मागेल तेव्हा द्यायचं. घड्याळ स्टेशनात ठेवतात, पाळण्यापाशी नाही. लंगोट भिजतायत ना? मग दूध आहे. बटाटे सोला."

जाताना तिने माझा कान धरला. "ती पाजायला बसली की तिला तहान लागते. पाण्याचा पेला तिच्या हाताशी हवा, तिने मागायच्या आधी. पाहुणे आले की त्यांना हाकलायचं. भांडी घासायची. तुझं दूध तेच."

ही वेलिका आजी. गाव सामुदायिक शेतीचं होतं तेव्हा ती तिथल्या दूध डेअरीत होती. सकाळी गाई, संध्याकाळी बायका, असा तिचा दिवस असायचा. मग डेअरी बंद पडली, गाई विकल्या गेल्या, बायकाच उरल्या. बाळंतपणं तर केव्हाच जिल्ह्याच्या गावी जायला लागली होती, त्यामुळे आमच्याकडे सुईण अशी कुणी राहिली नव्हती. पण बाबिनदेन राहिला होता. हा आमचा जानेवारीतला सुईणीचा सण. आई झालेल्या बाया सुईणीच्या हातांवर पाणी घालतात, तिला साबण आणि टॉवेल देतात, गळ्यात वाळल्या लाल मिरच्यांची माळ घालतात आणि मग दिवसभर वाइन पिऊन गाव डोक्यावर घेतात. त्या दिवशी पुरुषाने घराबाहेर पडायचं नाही. पडला तर त्याची टोपी काढून घेतात आणि त्याला नाचवतात. सुईण नाही म्हणून एवढा चांगला सण सोडायचा कुणी? बायकांनी ठरवलं, मुलं दवाखान्यात होतात खरी, पण छातीला लागतात ती वेलिका आजीच्या हातून. मग पाणीही तिच्याच हातांवर.

तिचं एक विचित्र होतं. ती मुलाच्या डोळ्यांत कधी बघायची नाही. हनुवटी बघायची, नाक बघायची, लंगोट तर उलटापालटा करून बघायची. पण डोळ्यांशी आली की रुमाल खाली ओढायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "डोळ्यांनी दूध पितात का?"

आणि तिची एक इच्छा होती. ती साऱ्या गावाला पाठ होती. तिची एकुलती एक मुलगी इस्क्रा स्पेनमध्ये टोमॅटोच्या काचघरांत कामाला होती. दर बाबिनदेनला सगळ्यांचं पाणी घालून झालं की आजी हात तसेच पुढे धरून जरा वेळ बसायची. कुणीतरी म्हणायचं, "झालं की आजी, पूस आता." ती म्हणायची, "एकदा माझ्या इस्क्राने आई होऊन पाणी घातलं की पुसते. मग मी मरायला मोकळी." सगळे हसायचे. दर वर्षी हसणाऱ्या बाया कमी असायच्या, कारण बाकीच्याही टोमॅटोकडे गेलेल्या असायच्या.

मग एका ऑगस्टमध्ये इस्क्रा आली. मी गावाची मिनीबस चालवतो, मीच तिला जिल्ह्याच्या गावाहून आणली. पोट एवढं पुढे आलेलं की बॅग त्याच्यावर ठेवता आली असती.

आजी फाटकात उभी. "नवरा कुठाय?"

"सिगारेट आणायला गेलाय."

"कधी?"

"एप्रिलमध्ये."

आजीने एवढंच म्हटलं, "मग वाट बघायला नको. सूप गार होतंय."

मुलगी झाली. आईचं नाव मुलीला द्यायचं म्हणून इस्क्राने तिचं नाव वेला ठेवलं. आणि बघा गंमत, गावाला शिकवणाऱ्या आजीचे हात स्वतःच्या मुलीपाशी थरथरायला लागले. उशी चुकीच्या बाजूला देई, बाळाचं डोकं मागून दाबी, जे करू नका म्हणून ती तीस वर्षं बायकांवर ओरडत आली होती ते सगळं करी. शेवटी देतेलिना गेली आणि आजीला खुर्चीत बसवून तिचेच शब्द इस्क्राला म्हणून दाखवले. पोटाला पोट. थांब. आता. आजी खुर्चीतून ओरडत होती, "हनुवटी! हनुवटी टेकली का?"

पुढे एकदा इस्क्राच्या छातीत गाठ आली, लाल झाली. आजीने त्या बाजूलाच पाजायला लावलं, बाळाची हनुवटी गाठीकडे येईल असं धरून. पण संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला तेव्हा आजीने एक पाला लावला नाही की मंत्र म्हटला नाही. मला म्हणाली, "त्सेको, गाडी काढ. हे डॉक्टरचं काम." गोळ्या चालू असतानाही डॉक्टरांना विचारून पाजणं चालू ठेवलं. ते दोन महिने आजी रस्त्याने चालायची नाही, उडायची.

ऑक्टोबरच्या शेवटी काचघरातून फोन आला. आत्ता या, नाहीतर जागा गेली. पुढचं आमच्या गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमची अर्धी मुलं आज्यांनी वाढवलेली आहेत. इस्क्राने आमच्या रीतीप्रमाणे उंबरठ्यावर बसून वेलाला शेवटचं पाजलं, तिच्या हातात पावाचा तुकडा दिला आणि मागे न बघता माझ्या गाडीत बसली. म्हणजे मूल छातीपासून तोडलं. एकदा तोडलं की तोडलं.

आजी नातीला बाटलीने पाजायला लागली. गावातल्या उरलेल्या म्हाताऱ्या फाटकापाशी थांबून टोमणे मारायच्या, "काय गं वेलिका, तूसुद्धा बाटली?" आजी म्हणायची, "मूल उपाशी ठेवणं पाप आहे, बाटली नाही." ती वेलाला उघड्या छातीशी धरून बाटली द्यायची, आडवी धरून, सावकाश, मध्येच बाजू बदलून. नजर मात्र बाटलीच्या टोकावर.

जानेवारीत, बाबिनदेनच्या सकाळी, इस्क्रा परत आली. मोसम संपला होता. मी तिची बॅग घेऊन आजीच्या घरात शिरलो आणि सापडलो. बायकांनी माझी टोपी काढली, मला स्कर्ट नेसवला, डोक्याला रुमाल बांधला आणि चुलीशेजारी स्टुलावर बसवून सांगितलं, दंडाची वाइन येईपर्यंत इथून हलायचं नाही. म्हणून पुढचं मी डोळ्यांनी बघितलं.

आजी मध्यभागी बसली होती, गळ्यात मिरच्यांची माळ. देतेलिनाने गेली वीस वर्षं घालते तसं पाणी घातलं, आणखी दोघी-तिघींनी घातलं, आणि मग सगळ्या बाजूला सरल्या. इस्क्राने पाण्याचा जग उचलला. त्यात तुळशीची वाळकी काडी तरंगत होती. आजीने हात पुढे केले. हात अगदी स्थिर होते.

तेवढ्यात पाळण्यातली वेला जागी झाली आणि रडली.

इस्क्राचा ब्लाउज पुढून ओला झाला. खोलीतल्या प्रत्येक बाईने ते बघितलं. इस्क्राने जग टेबलावर ठेवला, मुलीला उचललं, खुर्चीत बसली आणि बटणं काढायला लागली.

"नको," आजी म्हणाली.

"काय नको?"

"तिला तोडलंय. तोडलेलं मूल परत छातीला लावायचं नाही."

"मला दूध आहे, आई. तिकडे मी रोज काढत होते, हाताने, तू शिकवलंस तसं. मोरीत उभी राहून. सुकू दिलं नाही. ते काय टोमॅटोंना घालायला?"

"अशा मुलाची नजर बाधते. ते ज्याच्याकडे बघतं ते वाळतं."

"गावात उरलंय कोण वाळायला?"

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. आजीने हात अजून तसेच पुढे धरले होते.

"मी तशीच आहे," ती म्हणाली. "माझ्या आईने मला तोडलं, मग घरात दाणा राहिला नाही म्हणून परत घेतलं. शेजारणीची गाय मेली, ती माझ्यामुळे. घाटाखालच्या सुनेचं मूल गेलं, ते माझ्यामुळे. मी रस्त्याने निघाले की बाया मुलांच्या तोंडावर शाल ओढायच्या. शाळेत मला भिंतीकडे तोंड करून बसवायचे. पुढे पुराच्या साली कुणाच्या तरी सुनेला पाजता येईना आणि दुसरी बाई मिळेना, तेव्हा मला बोलावलं. मी रुमाल ओढून गेले आणि कानांनी काम केलं. लोक विसरले. मी नाही विसरले. मी आजवर एका मुलाच्या डोळ्यांत बघितलेलं नाही, इस्क्रा. तुझ्याही नाही."

इस्क्रा म्हणाली, "मला वाटायचं, मी खरंच कुरूप आहे म्हणून."

"हिला तसं जगू देणार नाही मी."

त्या खोलीत तेव्हा कुणीतरी म्हणायला हवं होतं, बायांनो, हा सगळा खुळचटपणा आहे. पण आम्ही सगळे त्याच गावचे. आणि मी तर स्कर्टमध्ये होतो.

इस्क्राने बटणं लावली, मुलीला गुंडाळलं आणि मला म्हणाली, "त्सेको काका, गाडी काढा." भरलेला जग टेबलावरच राहिला.

गावाबाहेर सूर्यफुलाच्या शेतांपाशी तिने गाडी थांबवायला सांगितली. मी उतरलो आणि पाठ करून उभा राहिलो. वर तापमान शून्याच्या खाली, अंगावर स्कर्ट. एक ट्रक गेला, त्याने भोंगा वाजवला, शिट्टीही मारली. आत वेला रडत होती. तिला आता बाटलीची सवय, ती तोंड फिरवत होती. आणि इस्क्रा बोलत होती, स्वतःशीच, पण आवाज हुबेहूब आजीचा. "पोटाला पोट. घाई नाही. गुदगुली. थांब. थांब गं. जांभईएवढं. आता." मग परत रडणं. मग परत, "थांब. आता." कितीदा ते माहीत नाही. माझे गुडघे निळे पडले. मग रडणं थांबलं. मी कोट घ्यायला खाली मान घालून दार उघडलं तेव्हा ऐकू आलं, क्हं... क्हं...

दोघींना जिल्ह्याच्या गावी स्पेनच्या बसमध्ये बसवून मी परत आलो, तर बायका पांगल्या होत्या. आजी त्याच खुर्चीत, मिरच्यांच्या माळेसकट. मी तिला सगळं सांगितलं.

"हनुवटी टेकली होती का?"

"मी पाठ करून उभा होतो, आजी."

"गाढवा! आणि नाक? नाक मोकळं होतं का?"

"पाठ करून म्हटलं ना."

"गिळल्याचा आवाज आला?"

"आला."

"कसा?"

मी करून दाखवला.

"थांबून थांबून?"

"थांबून थांबून."

"मग हनुवटी टेकली असणार," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "डोळे कसे आहेत रे तिचे?"

बसच्या पायरीवर मी बघितले होते. "राखाडी."

तिने रुमाल वर सारला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिचे डोळे बघितले. साधे डोळे होते, वयाने पाणावलेले. "आणि माझे?"

"तसेच," मी म्हणालो. मी काही वाळलो नाही.

त्यानंतर इस्क्रा दर रविवारी फोन करायची. फोनवर चित्र दिसायचं, पण आजी फोन टेबलावर पालथा ठेवून बोलायची. नजर तारेतून जाते की नाही कुणाला ठाऊक. वेला दीड वर्षाची होईपर्यंत प्यायली, एवढं तिला कळलं. गावच्या बाहेर गेलेल्या पोरींचेही फोन यायचे. आजी म्हणायची, "फोन बाळाच्या गळ्यापाशी धर, ऐकू दे," आणि इथे बसून तिथली उशी सरळ करायची.

एकदा इटलीतून एकीने विचारलं, आजारपणात पाजणं बंद झालं, महिना झाला, परत लावू का? मी तिथेच लाकडं फोडत होतो. आजीने हात रुमालाकडे नेला, पण रुमाल खाली ओढला नाही. मग म्हणाली, "लाव. अंगाशी उघडं धर. थोडं थोडं, सारखं लाव, आणि मधूनमधून हाताने काढ. दूध परत येतं. नाही पुरलं तर वरून बाटली दे, पण जवळ धरून. रडू नकोस, पाणी पी."

"आणि नजरेचं काय, आजी?"

"चष्मा लावा म्हणावं!"

मी म्हणालो, "आजी, हे इस्क्राला सांग."

"आता काय उपयोग," ती म्हणाली. "तिची पोर आता सूप पिते."

सलग चार वर्षं बाबिनदेनला ती इस्क्रासाठी टॉवेल काढून ठेवून वाट बघत बसली. एकदा मोसम लांबला, एकदा तिकीट मिळालं नाही, एकदा बर्फ पडला, एकदा काहीच कारण सांगितलं नाही. पाचव्या वर्षी नाताळानंतर आजीला न्यूमोनिया झाला आणि मी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. इस्क्रा निघाली. बाबिनदेनच्या आदल्या दिवशी आजी गेली. गेल्यावर तिचे हात तिथल्या ड्युटीवरच्या नर्सने धुतले. नर्सला मूलबाळ नव्हतं. इस्क्राचं विमान दुसऱ्या दिवशी, बाबिनदेनला, उतरलं.